म्हशीच्या नावाचं गाव

सिंदी

अमेरिकेहून परत आल्याला आता वर्ष होत आलं, तरी भाजी आणायला निघाले की कोणीतरी अडवतंच. "बाई, खरं सांगा, तिथलं कोणतं शहर नुसतं नावाचंच मोठं हाये?" मी सिंदीच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे या बाबतीत माझ्या मताला इथं वजन आहे. पण दोन्ही हातांत पिशव्या धरून रस्त्यात सांगण्यासारखं हे नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हा प्रश्न निघाला माझ्या दादाच्या ओट्यावर. दादा माझा थोरला भाऊ, कपाशीचा शेतकरी. संध्याकाळी त्यानं ओट्यावर सतरंजी टाकली की कापसाचे व्यापारी शेठ आणि आमचे म्हातारे डॉक्टर हटकून यायचे. शेठचा पुतण्या रमण न्यूयॉर्कला, डॉक्टरांचा मुलगा अविनाश शिकागोला आणि दादाची एकुलती एक मुलगी कुंदा बफेलोला. तिघांपैकी एकानंही मुंबईच्या पुढचा समुद्र पाहिलेला नव्हता, पण वाद असे चालायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आत्ताच तिकडून उतरलेत.

"न्यूयॉर्क म्हंजे न्यूयॉर्क," शेठ म्हणायचे. "आमच्या रमणची पेढी हाये तिथं. ऐन मोक्याच्या जागी."

"असन. पण शिकागोच्या एका इमारतीत सारी सिंदी बसन अन् वरून शेजारचं सेलूबी मावन," डॉक्टर म्हणायचे. "तुमचं न्यूयॉर्क उगाच चढवून ठेवलं लोकांनी. लय गर्दी, लय घाण."

मग दोघंही दादाकडे वळायचे. "अन् तुमच्या कुंदाचं गाव कोणतं म्हणता, म्हशीच्या नावाचं?"

"हाये बावा म्हशीचं," दादा म्हणायचा. "म्हशीचं तं म्हशीचं."

तो हसून वेळ मारून नेई, पण आतून पोखरला होता. कुंदाचे यजमान प्रभाकर पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि तो कारखाना बंद पडल्याचं केळझरच्या आमच्या व्याह्यांकडून कळलं होतं. कुंदा मात्र फोनवर एवढंच म्हणे, सगळं छान आहे, गाव फार सुंदर आहे. दादानं गुपचूप नागपूरच्या एका कारखान्यात जावयासाठी शब्द टाकून ठेवला, घरावर दोन खोल्या चढवल्या आणि १९८३ च्या उन्हाळ्यात, कापूस विकून मोकळा झाल्यावर, मला म्हणाला, "चाल माह्यासंगं. सारे म्हणतात पाह्याले चाल्लो. मी आणाले चाल्लो."

वहिनी कुंदाच्या लग्नानंतर वर्षाच्या आतच गेली होती. ती असती तर तीच गेली असती. तिच्या जागेवर मी गेले.

आता दादाच्या ट्रंकेबद्दल सांगायला हवं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली, दादानं नाही. कुंदाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यामुळे दादानं ट्रंकेत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तांदूळ, तिखट, हळद, मीठ असा सगळा शिधा भरला. मी त्याला सांगितलं, "दादा, शाळेच्या पुस्तकात बफेलोपुढं 'पिठाच्या गिरण्या' असं लिहिलं हाये. तू पिठाच्या गावाले पीठ घेऊन चाल्ला."

"त्याईचं त्याईच्यापाशी," तो म्हणाला. "अन् पाण्याचं म्हणशील तं पाणी नगरपालिकेचं असते. त्याले हरकत नाई."

न्यूयॉर्क

विमानतळावरच्या जाडजूड अधिकाऱ्यानं ट्रंक उघडली आणि तिखटाच्या पुडीवर वाकून वास घेतला. पुढं बराच वेळ तो शिंकत होता. मी शाळेतलं इंग्रजी गोळा करून सांगितलं, की हे वडील आहेत आणि ते मुलीच्या घरी जेवत नाहीत. त्यानं दादाकडे असं पाहिलं, जणू मुलीनं बापाचं काय वाईट केलं असावं याचा विचार करतोय. मग ट्रंक सोडली.

रमण आम्हाला घ्यायला आला होता. तिशीतच केस पांढरे झालेला, अंगानं बारीक, बोलायला गोड. त्याच्या घरी चार दिवस राहिलो. घर म्हणजे तळघरातली दीड खोली. खिडकी वर, छताला लागून. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसत. त्याच्या बायकोनं आलू-वांग्याची भाजी केली आणि दादा तिथं पोटभर जेवला, कारण ते लेकीचं घर नव्हतं.

न्यूयॉर्क मोठं आहे, यात वाद नाही. मान दुखेस्तोवर वर पाहिलं. समुद्रातली ती मशालवाली बाई पाहिली. उंच इमारतीवर चढून खाली मुंग्या पाहिल्या. पण रस्त्याकडेला कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे ढीग होते, आगगाडीचे डबे आतून-बाहेरून रंगानं गिरबटलेले होते आणि फूटपाथवर पुठ्ठ्यावर झोपलेला गोरा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे भिकाऱ्याला कोणी ना कोणी दोन शब्द टाकतं, निदान 'पुढं जा' तरी म्हणतं. तिथं त्याला ओलांडून जातात, एक शब्दही न बोलता.

तिसऱ्या दिवशी मी रमणला म्हटलं, "तुमची पेढी नाही दाखवली." तो म्हणाला, "चला." जमिनीखालच्या स्टेशनात, दोन जिन्यांच्या मधल्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रं आणि चॉकलेटं विकायची एक टपरी होती. तीच पेढी. गाडी आली की सगळी टपरी थरथरायची. रमण आत बसला, एका माणसाला पेपर दिला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "काकांना सांगू नका. ते लय खूश असतात."

दादानं खिशातून सिंदीहून आणलेली सुपारी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "जागा मोक्याची हाये बावा. शेठ खोटं नाई सांगत." त्या दिवसापासून मी न्यूयॉर्कला नावं ठेवत नाही. ओट्यावर शेठ बढाई मारायला लागले की मीच 'हो हो' म्हणते.

बफेलो

बफेलो कसं आहे हे इथल्या माणसाला सांगायचं तर जाम म्हणावं. नागपूरहून चंद्रपूरला जा की हैदराबादला, जामच्या फाट्यावर गाडी थांबते, सगळे चहा घेतात, भजी खातात आणि निघून जातात. 'मी जामला गेलतो' असं कोणी सांगत नाही. तसंच बफेलोचं. जगभरचे लोक नायगारा बघायला येतात, बफेलोत पेट्रोल भरतात आणि पुढं जातात.

कुंदा बसस्टँडवर उभी होती. अंगात जाड कोट, डोक्याला रुमाल. वहिनीसारखी दिसत होती, आणि फार वाळली होती. दादाच्या पाया पडली आणि उठताना म्हणाली, "बाबा, पाहा ना, कित्ती मोठ्ठं आभाळ हाये इथी! न्यूयॉर्कात दिसलं का असं?"

आभाळ राखाडी होतं आणि त्यातून बर्फ पडायला लागला होता.

"चैतात बर्फ!" दादा म्हणाला. "अन् म्हणते गाव चांगलं."

ती लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. प्रभाकर आता लोखंडी सामानाच्या दुकानात खिळे-स्क्रू विकत होते. दादाला 'मामाजी' म्हणून नमस्कार करताना त्यांनी हात आधी पँटला पुसले. हे मला फार लागलं. केळझरच्या गणपतीपुढं या मुलाचं नि कुंदाचं जमलं, तेव्हा काय ऐट होती त्याची.

पहिल्याच जेवणाला ट्रंक उघडली. कुंदानं दादाच्या आवडीचा गोळाभात करून ठेवला होता. डब्यावरचं झाकण तिनं काढलं होतं, ते हळूच परत लावलं. मी तिच्याच चुलीवर, तिच्याच तव्यावर दादाच्या पिठाची भाकर थापली. ती बाजूला उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, "कुंदे, तुह्या बापाचा सोभाव तुले माहीत हाये. मनाले लावून घेऊ नको."

"नाई आत्या," ती म्हणाली. "रीत हाये ती." आणि नळ जोरात सोडून भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती.

मग रोज ती आम्हाला गाव दाखवायची. मी पुष्कळ माणसं आपापल्या गावाची तारीफ करताना ऐकली आहेत, पण अशी तारीफ नाही. तळं पाहा बाबा, पलीकडचा काठ दिसत नाही. दिसत नव्हताच, धुकं होतं. हे बगीचे पाहा, उन्हाळ्यात इथं काय फुलं येतात. तळ्याकाठी धान्याची सिमेंटची अवाढव्य कोठारं होती, आठ-आठ मजली उंच, बहुतेक रिकामी. दादा शेतकरी, तो त्यांच्यापुढं बराच वेळ उभा राहिला.

"एवढं धान्य इथी यायचं?" त्यानं विचारलं.

"यायचं एका काळी," प्रभाकर म्हणाले. "आता दुसरीकडून जातं."

"मंग लोकं काऊन राह्यले इथी?"

प्रभाकर कुंदाकडे बघत राहिले. कुंदा म्हणाली, "गाव चांगलं हाये म्हून, बाबा."

दादानं नागपूरच्या नोकरीची गोष्ट काढली, वर चढवलेल्या खोल्यांचंही सांगितलं. एका खोलीला पूर्वेची खिडकी ठेवली आहे, तुला सकाळचं ऊन आवडतं ना. कुंदा ऐकत राहिली, त्याच्या पायावर शाल नीट केली आणि म्हणाली, "बाबा, मले नाई येता येत."

"काऊन?"

"इथी बरं हाये."

एवढंच. रोज संध्याकाळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. दादाचा आवाज चढायचा, तिचा खाली जायचा. रविवारी मात्र ती दुपारी एकटीच बाहेर पडायची. बाजारात जाते म्हणायची आणि तासाभरानं रिकाम्या हातानं यायची. मी शाळेत पोरींचं खोटं ओळखण्यात जन्म घालवला. पण सासुरवाशिणीला एखादा तास स्वतःचा हवा असतो, असं समजून मी गप्प बसले.

शिकागो

शिकागोला गेलो ते प्रभाकरांच्या नोकरीसाठी. डॉक्टरांच्या अविनाशनं आपल्या ओळखीच्या कंपनीत त्यांच्यासाठी जागा काढली होती, इंजिनिअरची. प्रभाकरांनी दिवसभर मोटार चालवली. सोबत ट्रंक होतीच. मोटारही कुंदाचीच, म्हणजे तिनं वाटेसाठी बांधलेलं काही खायला नको.

अविनाश घाऱ्या डोळ्यांचा, बोलका, सगळ्यांची टर उडवणारा. "आत्याबाई, बफेलोहून जिवंत आलात? तिथं म्हणे मे महिन्यातही गाडी फावड्यानं उकरून काढतात." त्यानं जगातली सर्वांत उंच इमारत दाखवली. वर गेल्यावर ती वाऱ्यानं हलते असं लोक म्हणतात. मला हलल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या गुडघ्यांमुळं असेल. वारा मात्र खरा. माझा पदर उडून एका अनोळखी माणसाच्या तोंडावर गेला आणि तो 'सॉरी' म्हणाला. आपल्याकडे तो माणूस चिडला असता आणि मी 'सॉरी' म्हटलं असतं.

शिकागो दादाच्या मनात भरलं. रस्ते असे सरळ, जसे कपाशीच्या ओळींचे तास. कंपनीनं प्रभाकरांना होकार दिला, तेव्हा दादा कुंदाला म्हणाला, "चाल बाई. सिंदीले नाई येत तं नको येऊ. पण या चांगल्या गावात तरी राहा. जावईबापूचा जीव कोंडून राह्यला त्या दुकानात, दिसत नाई तुले?"

कुंदा रडायला लागली. प्रभाकर उठून म्हणाले, "मामाजी, राहू द्या. मीच नाही म्हटलंय त्यांना."

दादा संतापला. परतीच्या वाटेवर अख्खा दिवस तो खिडकीकडे तोंड करून बसला. शनिवारी रात्रीपर्यंत पोचायलाच हवं, असा हट्ट कुंदानं धरला होता, त्यानं तर तो अधिकच तापला. खरं सांगायचं तर मलाही तिचा राग आला. गावाचं कौतुक असावं, पण नवऱ्याच्या पोटावर पाय देऊन नाही, असं मी मनात म्हणत होते.

पुन्हा बफेलो

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ट्रंक उघडली तर पिठाची पिशवी तळाला गेलेली. एक भाकर होईल न होईल एवढंच उरलं होतं. शिकागोच्या प्रवासात अंदाज चुकला होता.

"दादा, पीठ सरलं," मी म्हटलं.

"दुकान दाखवा मले," दादा प्रभाकरांना म्हणाला. "मी आणतो इकत."

कुंदा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, रीत काय हाये? लेकीले लेकरू झालं की बाप जेवते ना तिच्या घरी?"

"व्हय."

"मंग जेवा. झालं होतं."

दादाला कळलं नाही. मला कळलं.

"मुलगी झालती, बाबा. सातव्या महिन्यातच झाली. दोन दिवस होती."

मागे एकदा पोटात राहून गेलं होतं, म्हणून या खेपेला सातवा पुरा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. मग सांगण्यासारखं उरलंच नाही. "माय असती तं सांगतलं असतं," ती म्हणाली. "तुमाले फोनवर कसं सांगू? तुमी ओट्यावर एकटे बसले असते ते ऐकून."

दादा खुर्चीत बसला. मग त्यानं एकच विचारलं, "कुठी हाये?"

"इथीच. दर रविवारी जातो मी."

लहान लेकराला आपण जाळत नाही, मातीत ठेवतो. अमेरिकेतही त्या दोघांनी आपली रीत पाळली होती. गावाच्या कडेला मोठ्या झाडांची दफनभूमी आहे, तिथं एका कोपऱ्यात लहानांसाठी जागा ठेवली आहे. गवतात बसवलेला वीतभर दगड. कुंदानं वाकून त्यावरची काडी उचलली, हातानं दगड पुसला. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता, वत्सला. आमच्या वहिनीचं नाव.

दादाला इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात. त्यानं वाचलं. डोक्यावरची टोपी काढली आणि ओल्या गवतात मांडी घालून बसला. सिंदीत आमचे सगळे गेले, आई, बाबा, वहिनी, पण दादाला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. प्रभाकर दूर झाडाला टेकून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "जावईबापू, मी तुमच्या बायकोला मनातल्या मनात फार बोलले." ते म्हणाले, "मीही बोललो होतो, आत्या. शिकागोची ही दुसरी नोकरी सोडली. पण तिला इथून उठवू कसं?"

घरी आल्यावर दादानं हातपाय धुतले आणि टेबलाशी बसला. "वाढ, बाई," तो म्हणाला. कुंदानं वरण-भात वाढला, वर तूप घातलं, भाजी वाढली, पोळी वाढली. थोडं तूप ताटाबाहेर सांडलं. दादा हळूहळू जेवला. सगळं जेवला. मधेच म्हणाला, "मीठ बरोबर हाये." मग पाणी पिऊन म्हणाला, "नको येऊ सिंदीले. इथीच राहा. त्या खोल्या मी भाड्यानं देईन." मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. मला त्या खोलीची पूर्वेची खिडकी दिसत होती.

उरलेले दिवस दादा रोज लेकीच्या हातचं जेवला आणि रोज दुपारी तिच्याबरोबर तिकडे जाऊन बसला. मृगाआधी परतायचं होतं. पेरणी कोणासाठी थांबत नाही.

आम्ही निघायच्या आधीच्या लांब सुट्टीत रमण न्यूयॉर्कहून आणि अविनाश शिकागोहून, दोघंही आपापल्या बायकांना घेऊन नायगारा बघायला आले आणि मुक्कामाला कुंदाकडे उतरले. रात्री सगळे जेवायला बसले. पाटवडीचा रस्सा होता, भाकरी होत्या. आणि सिंदीचा ओटा जसाच्या तसा तिथं भरला.

"न्यूयॉर्कची उगाच हवा केली आहे," अविनाश म्हणाला. "उंदीर आणि चोर."

"आणि शिकागो?" रमण म्हणाला. "सहा महिने वारा, सहा महिने त्या इमारतीच्या गप्पा."

सगळे हसले. खूप दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं. अविनाशला चेव चढला. "ते काही असो, पण लोक आमच्या गावांची निदान हवा तरी करतात. या बफेलोची कोणी खोटी तारीफसुद्धा करत नाही! इथं राहायचं काही कारणच नाही हो. काका, तुम्ही सांगा. तुम्ही तीनही शहरं पाहिलीत. कोणतं नुसतं नावाचं आणि कोणतं खरं?"

त्याचा काही दोष नव्हता. त्याला माहीत नव्हतं. या गावात कोणालाच माहीत नव्हतं. कुंदानं ते सात समुद्र ओलांडूनच काय, शेजारच्या दारापर्यंतही जाऊ दिलं नव्हतं. ती भाकरीचं टोपलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. प्रभाकरांनी मान खाली घातली.

दादानं हातातला घास ताटात ठेवला.

"न्यूयॉर्क मोठं हाये," तो म्हणाला. "शिकागो त्याहून चांगलं हाये. पण या गावाची सर कोणाले नाई, बावा. असं आभाळ मी कुठी पाह्यलं नाई. तळं तं असं, का पलीकडचा काठ दिसत नाई. लोकं भले हायेत. झाडं मोठी हायेत. सावली हाये." त्यानं कुंदाकडे पाहिलं. "माह्यी नात राहते इथी."

अविनाशनं आधी प्रभाकरांकडे पाहिलं, मग कुंदाकडे. त्या घरात मूल नाही हे त्याला दिसत होतं, आणि म्हातारा थट्टा करत नाही हेही. रमणच्या बायकोला कळलं असावं. तिनं उठून कुंदाच्या हातातलं टोपलं घेतलं आणि तिला आपल्याजवळ बसवलं.

"नाव काय हो तिचं?" तिनं हळूच विचारलं.

प्रश्न कुंदाला होता. कुंदानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी दादा बोलला. आमच्या पिढीत पुरुष बायकोचं नाव घेत नसत. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात दादानं वहिनीला 'कुंदाची माय' म्हणूनच हाक मारली. ती शेवटच्या आजारात होती तेव्हाही, आणि तिला उचलून नेलं त्या दिवशीही. ते नाव त्याच्या तोंडून मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

"वत्सला," तो म्हणाला. आणि कोणाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यानं ते पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं.